आज रात्री कुठं जेवायचं?

सत्तरच्या दशकात कलकत्त्यात बाहेर जेवायला जायचं ठरलं, की काय खायचं हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं, दिवे कुठं असतील. लोडशेडिंगमुळं संध्याकाळी पाडेच्या पाडे अंधारात बुडायचे, आणि ज्या हॉटेलच्या दाराशी जनरेटर धडधडतोय ते हॉटेल चांगलं, इतका सरळ हिशेब होता. मग रस्ता. मेट्रोची पायाभरणी 1972च्या डिसेंबरात झाली आणि पहिली गाडी धावली 1984च्या ऑक्टोबरात; मधली कितीतरी वर्षं चौरंगी आणि भवानीपूर खणून ठेवलेलं. आम्ही हाजरा रोडला राहायचो, महाराष्ट्र निवासाच्या जवळच. उत्तरेला जायचं तर खड्ड्याच्या कडेनं, टाकलेल्या फळ्यांवरून चालत पलीकडं पोचायचं आणि मग टॅक्सी शोधायची. पावसाळा असला तर ठनठनियाला गुडघाभर पाणी आहे का, याची चौकशी व्हायची. आमचे वडील, नाना, पगाराचा विषय आमच्यापुढं कधी काढत नसत, पण आमचं बाहेरचं जेवण नेहमी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच पडायचं, हे आम्हा भावंडांना ठाऊक होतं.

इतकं सगळं वजा केल्यावर जे उरायचं ते बहुतेक वेळा चायनीज असायचं. पार्क स्ट्रीट होता. मोकॅम्बो, ट्रिंकाज, स्काय रूम ही नावं आम्हालाही पाठ होती. ट्रिंकाजमध्ये उषा उत्थुप साडी नेसून इंग्रजी गाणी गातात, हे घरी कौतुकानं सांगितलं जायचं. पण ते वर्षातून एकदा, नवे कपडे घालून. स्काय रूम 1993मध्ये बंद पडलं आणि माझ्या वयाची माणसं अजून त्याबद्दल एखाद्या नातेवाइकासारखं बोलतात. नेहमीचं जाणं मात्र चिनी हॉटेलात.

कोणत्या हॉटेलात, ते माणसं सांगायची. नानांच्या ऑफिसातले बडेबाबू रविवारच्या जेवणाबद्दल सोमवारी सविस्तर बोलत. अमक्या ठिकाणचा म्हातारा आता स्वतः कढईपाशी उभा राहत नाही, मुलाचा हात तेवढा बसलेला नाही, तेव्हा सध्या तिकडं जाऊ नका. दोन गल्ल्या सोडून त्याच्याच पुतण्याचं आहे तिथं जा आणि माझं नाव सांगा. या सल्ल्यात पदार्थ कमी आणि माणसं जास्त असायची. नाव सांगितलं की खरंच फरक पडायचा. आई शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणारी. तिच्यासाठी कढई घासून, वेगळ्या तेलात भाज्या परतून आणायचे आणि ती बशी तिच्यापुढं ठेवताना वाढणारा म्हणायचा, "माशीमा, एटा आपनार." मावशी, हे तुमचं. आई त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून जेवायची. पुण्यात तिनं कुठल्याही हॉटेलात असा विश्वास टाकला नसता.

हा विश्वास कुठून आला असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, चिनी माणूस आमच्या आयुष्यात त्याच्या जेवणाच्या आधी आलेला होता. दुर्गापूजेच्या अगोदर बेंटिंक स्ट्रीटवर चिनी कारागिराकडं पायाचं माप द्यायचं. दातांचा डॉक्टर चिनी. शेजारच्या बौदी केस कापायला जायच्या ते पार्लर चिनी बाईंचं. घरातलं सागवानी कपाट चिनी सुतारानं केलेलं, आणि त्याचे खण आजही अडकत नाहीत. हाक्का लोक टँगऱ्यात कातडी कमावत आणि चपला-बूट करत, कॅंटनकडचे सुतारकामात, हुपेहकडचे दात बसवण्यात. अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉरन हेस्टिंग्जच्या काळात आछू नावाच्या चिनी माणसानं बजबजजवळ साखरेचा कारखाना काढला, त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात आणि चिनी नववर्षाला कलकत्त्याचे चिनी लोक तिथं दर्शनाला जातात. एवढी मुळं असलेल्या लोकांचं जेवण आम्ही जेवत होतो.

गणेशचंद्र अॅव्हेन्यूवर पेट्रोल पंपाच्या वरच्या मजल्यावरचं ओ चू हे त्यातलं माझं सर्वांत आवडतं. 1920च्या दशकापासून एकाच कुटुंबाच्या हातात आहे. तिथं चिमणी सूप मिळतं, पण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. मध्ये धुराडं असलेलं भांडं, धुराड्यात पेटलेले कोळसे आणि भोवती उकळणारं सूप, असं ते टेबलावर येतं. आईला त्यातलं काही चालण्यासारखं नव्हतं. तरी ती त्या भांड्याकडं टक लावून बघत बसायची. आदल्या दिवशी सांगायचं म्हणजे नानांना संध्याकाळी ऑफिसातून वाट वाकडी करून जिना चढावा लागे. जेवणाची सुरुवात तिथूनच होई. रात्री घरी येऊन ते नुसतं "सांगून आलो" म्हणायचे आणि आम्हाला झोप लागायची नाही.

टँगरा पुढं ऐंशीच्या दशकात आमच्या वाट्याला आला. कातडी कमावण्याच्या कारखान्यांमधून जाणारा रस्ता, उघड्या गटारांचं रासायनिक निळसर पाणी, नाकाला रुमाल. मोठं लोखंडी फाटक उघडून आत गेलं की कारखानदाराच्या घरातच चार-सहा टेबलं मांडलेली. घरची मुलं कोपऱ्यात गृहपाठ करत असायची. सुप्रीम कोर्टाच्या 1996च्या आदेशानंतर कातड्याचे कारखाने बानतलाला हलले, वास गेला, आणि हॉटेलं मोठी होत गेली. तिथल्या चिनी कालीबाडीत नूडल्सचा प्रसाद मिळतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मी आवर्जून तिकडं न्यायची, कारण कालीघाट आणि बेलूर मठ त्यांना आधीच माहीत असायचे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पहिलं चाउमीन आमच्याबरोबर खाल्लं. मुंबई-पुण्यात चौकाचौकात चायनीजच्या गाड्या लागल्या त्या नंतर. आणि त्या गाड्यांवरच्या मांचुरियनचा जनक मानला जाणारा नेल्सन वँग हाही कलकत्त्याचाच, 1975च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात होता.

उपनगरात जेवायला जाणं ही कल्पनाच तेव्हा नव्हती. सॉल्ट लेक म्हणजे हुगळीचा गाळ ओतून साठच्या दशकात भरून काढलेली जमीन. सत्तरच्या अखेरीस आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं तिथं घर बांधलं, तेव्हा संध्याकाळी कोल्हे ओरडायचे आणि पत्ता सांगताना पाण्याच्या टाकीचा नंबर सांगावा लागायचा. त्यांच्याकडं जेवायला गेलो की लक्ष परतीच्या बसकडं. त्याच्याही पलीकडं, जिथं आज न्यू टाउन आहे, तिथं भातशेती आणि माशांच्या भेड्या, म्हणजे तळी. 1999मध्ये हिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ती शेतं अॅक्शन एरिया एक, दोन, तीन झाली. 2004मध्ये सॉल्ट लेकला चार्ल्स कोरियांनी आखलेलं सिटी सेंटर उघडलं. उंच पायऱ्यांवर कॉलेजची मुलं तासन् तास बसायला लागली, तेव्हापासून शहराची संध्याकाळ पूर्वेकडं सरकत गेली असं मला वाटतं. आता भवानीपूरची माणसं गाडी काढून न्यू टाउनला जेवायला येतात.

माझा भाऊ तिथंच राहतो. त्याची मुलगी, माझी भाची, बारावीची परीक्षा संपल्यावर म्हणाली, "आत्या, चायनीज नको. कोरियन." आणि मग तिनं जे केलं ते मी शेजारी बसून पाहिलं, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं. फोनवर तिनं आसपासची सगळी कोरियन ठिकाणं काढली. तारे किती आहेत, याकडं तिनं फारसं पाहिलं नाही, फोटो पाहिले. टेबलात शेगडी बसवलेली आहे का, तिच्यावर धूर ओढणारी नळी आहे का. भिंतीवर गायकांची पोस्टरं फार असली तर तिला शंका यायची. एका ठिकाणच्या मेन्यूत निम्मे पदार्थ चिली चिकनच्या कुळातले निघाले, ते बाद. दुसऱ्या ठिकाणाबद्दल कुणीतरी तक्रार केली होती की भात चिकट होता. ती म्हणाली, "मग बरोबर आहे. आखूड दाण्याचा तांदूळ असतो, तो चिकटच हवा." बंगाली जेवणाऱ्याला भात मोकळा लागतो, म्हणून त्या हॉटेलला एक तारा कमी, आणि माझ्या भाचीनं त्याच एका तक्रारीवरून ते हॉटेल निवडलं.

बडेबाबूंची मला तेव्हा फार आठवण झाली. तेही असेच बारकावे सांगायचे. फरक एवढाच, की ते सांगत ते स्वतः जिना चढून आल्यावर, आणि ज्याच्याबद्दल सांगत तो माणूस त्यांना नावानिशी ठाऊक असे. भाचीचं ज्ञान त्यांच्याहून खोल आहे. गोचुजांग हा मिरचीचा आंबवलेला मसाला, दोएनजांग हा सोयाबीनचा, किमची घालायच्या सामूहिक प्रथेला युनेस्कोनं 2013मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, वडीलधाऱ्यानं पहिला घास घेईपर्यंत धाकट्यांनी चमचा उचलायचा नाही, हे सगळं तिला येतं. पण तिनं आयुष्यात एकही कोरियन माणूस प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता.

चेन्नईचं तसं नाही. ह्युंदाई 1996मध्ये श्रीपेरुंबुदूरला आली, मागोमाग कोरियन अभियंते आणि त्यांची कुटुंबं आली, आणि त्यांना घरचं जेवण मिळावं म्हणून तिथं कोरियन खानावळी निघाल्या. आपल्याकडं पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईनं घेतला. कारखाना, मग माणसं, मग त्यांचं जेवण, हा जुना क्रम. कलकत्त्यात टँगऱ्याचंही तेच झालं होतं. पण कोरियन कारखान्यामागून आलेली वसाहत आमच्या शहरात झाली नाही. इथं हे जेवण पडद्यावरून उतरलं. 2012मध्ये 'गंगनम स्टाइल', 2020च्या फेब्रुवारीत 'पॅरासाइट'ला ऑस्कर, पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आणि घराघरांत मालिका. 2021मध्ये 'स्क्विड गेम'. पडद्यावरची नायिका मनातून खचली की वाफाळती रामेन खाते, मैत्रिणी भेटल्या की तव्यावर डुकराचं मांस भाजतात, आणि दोन वर्षं घरात कोंडलेल्या मुलींना ते जेवण नको होतं असं कोण म्हणेल?

कलकत्त्याचा कोरियाशी संबंध मात्र या पडद्याहून जुना आहे, आणि तो मला टॅक्सीत भाचीला सांगता आला. कोरिया जपानच्या ताब्यात असताना, 1929मध्ये, रवींद्रनाथ जपानला गेले होते. कोरियात या, असं आमंत्रण त्यांना आलं. जाणं जमलं नाही, म्हणून त्यांनी चार ओळी लिहून दिल्या आणि 'दोंग-आ इल्बो' या दैनिकानं त्या एप्रिलमध्ये छापल्या. पारतंत्र्यात त्या ओळींचा कोरियन लोकांना केवढा आधार वाटला असेल! सोलमध्ये 2011मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. भाची शाळेपासून रवींद्रसंगीत शिकलेली, तरी हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती लगेच पुतळ्याचा फोटो शोधायला लागली.

टेबलावर आम्ही काही मागवण्याआधीच वाट्या येऊ लागल्या. किमची, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, तिळाच्या तेलातला पालक, गोडसर शिजवलेला बटाटा, मुळ्याचं पिवळं लोणचं. याला बानचान म्हणतात. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि वाटी रिकामी झाली की पुन्हा भरून येते. वहिनी एकदम म्हणाली, "ही तर पानाची डावी बाजू!" खरंच तसं होतं. पंगतीत चटणी, कोशिंबीर, लोणचं आधी वाढून व्हायचं, मग भात, आणि वाढपी वाकून विचारत पुढं सरकायचा. पंगती गेल्या तशी ती डावी बाजूही आमच्या घरातून जवळजवळ गेली. न्यू टाउनच्या एका काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, ती पुन्हा समोर आली याचा मला अतोनात आनंद झाला.

वहिनीचं शाकाहारी असणं आईइतकंच कडक आहे. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा सॉस घालतात, आणि बऱ्याच सुपांचं पाणी वाळवलेली छोटी मासळी, आपल्या मांदेलीच्या नात्यातली, आणि समुद्री शेवाळ उकळून केलेलं असतं. त्यामुळं मेन्यूत हिरवा ठिपका असला तरी विचारावंच लागतं. आम्ही विचारलं. वाढणारी मुलगी आत गेली, परत आली आणि म्हणाली, "आंटी, तुमच्यासाठी वेगळ्या बरणीतली आणली आहे, त्यात मासळी नाही. मीच घातली आहे." वहिनीनं तिच्याकडं पाहिलं आणि घास घेतला.

भाचीनं तिला कोरियनमध्ये काहीतरी म्हटलं, ती हसून कोरियनमध्येच उत्तरली. दोघींची भाषा मालिकांतून आलेली. मुलगी मणिपूरची, चुराचांदपूरची होती. मणिपुरात 2000मध्ये एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमावर बंदी घातली, चित्रपटगृहांतून हिंदी गेलं आणि त्या जागी कोरियन मालिकांच्या सीडी आल्या. आमच्या मुलींनी 2020मध्ये जे पाहिलं ते तिथली मुलं त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून पाहत होती. त्यामुळं कलकत्त्याच्या कोरियन स्वयंपाकघरात ईशान्येकडची मुलं दिसतात ती नुसत्या चेहऱ्यासाठी नव्हेत. ती हे जेवण आमच्या कितीतरी आधी ओळखतात. भाचीनं सहज विचारलं, इकडं कधी आलीस? ती म्हणाली, 2023च्या जूनमध्ये. त्या वर्षी 3 मेला मणिपुरात हिंसाचार उसळला आणि साठ हजारांहून अधिक माणसं बेघर झाली. तिचं घर त्यातच गेलं. एवढं सांगून ती शेगडीवरचं मांस कात्रीनं कापायला लागली.

ती दुसऱ्या टेबलाकडं गेल्यावर भाचीनं मला विचारलं, "आत्या, तुमच्या त्या चिनी हॉटेलवाल्यांचं काय होतं? ते सगळे तिथलेच होते?"

1962च्या भारत-चीन युद्धानंतर सरकारनं सुमारे तीन हजार भारतीय चिन्यांना, म्हातारे आणि तान्ही मुलंसुद्धा, उचलून राजस्थानात देवलीच्या छावणीत ठेवलं. काहींना तिथं चार-पाच वर्षं काढावी लागली. परत आल्यावर कुणाचं दुकान दुसऱ्याच्या ताब्यात, कुणाचं घर लिलावात. पुष्कळ जण नंतर टोरांटोला निघून गेले. एके काळी वीस हजारांच्या घरात सांगितली जाणारी वस्ती आज दोन-अडीच हजारांवर आहे. हे सगळं मी वाचलं ते गेल्या काही वर्षांत, पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून. आमच्या टेबलावर वाकून "माशीमा" म्हणणारा माणूस त्या छावणीतून आलेला असू शकतो, हे जेवताना आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. बडेबाबूंना म्हाताऱ्याच्या कढईची, मुलाच्या हाताची, पुतण्याच्या दुकानाची खडान् खडा माहिती होती. देवलीबद्दल मी त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही. एवढ्या ओळखीत एवढं मोठं मौन मावलं होतं, ही गोष्ट मला आज फार लागते. मी भाचीला ते सगळं सांगितलं, शेगडी विझेपर्यंत.

मला आता जुनं ते सगळं सोनं म्हणवत नाही. ओ चूच्या जिन्यावरचा वास, नानांचं "सांगून आलो", आईची वेगळी बशी, यांची जागा कशानं भरणार नाही आणि भरावी असंही मला वाटत नाही. पण परीक्षा संपल्याच्या आनंदात जेवायला आलेली अठरा वर्षांची मुलगी वाढणारीला 'कधी आलीस' असं विचारते, आणि उत्तर ऐकून घेते, हे माझ्या पिढीनं हॉटेलात केलेलं नव्हतं.

बिल देताना भाचीनं त्या मुलीला शेवटचा प्रश्न विचारला: तुला स्वतःला कुठलं कोरियन आवडतं? मुलीनं एकदा काउंटरकडं पाहिलं आणि हळूच सांगितलं की केष्टोपूरला, ती राहते त्याच्या खालच्या गल्लीत, तिच्याच गावच्या दोन बहिणींनी घरात चार टेबलं मांडली आहेत. फलक नाही, फोनवर सापडणार नाही. किमची बागुईआटीच्या बाजारातल्या कोबीची असते, आणि डुकराच्या मांसाबरोबर त्यांच्याकडची राजा मिरचीही मिळते. आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. भाचीनं तिचा नंबर घेतला आणि आमच्याबरोबर चल म्हणाली. तिला सुट्टी मंगळवारी असते, म्हणून आमचाही मंगळवारच ठरला आहे.